दाढेनं ऐकणारा

पाणथळीला तळ असतो, पण तो कुणाला सहजासहजी सापडत नाही. वर लव्हाळे, लव्हाळ्यांखाली पाणी, पाण्याखाली चिखल, चिखलाखाली त्याहून काळा चिखल, आणि त्याच्याही खाली कुठंतरी कुणाच्या बापानं न पाहिलेला खडक. त्या खडकापर्यंत पोकळ लोखंडी पाइल ठोकत न्यायचा, टॉवरच्या एकेका पायाखाली एकेक. चारी पाय टेकले की टॉवर चढतो, आणि त्याच्या खांद्यावरून विजेच्या तारा या काठावरून त्या काठाला जातात. सांगायला दोन ओळींचं काम. करता करता माणसाची हाडं खिळखिळी होतात.

कानमामाची झालीच होती. चाळीस वर्षं तो पाया घालणाऱ्या टोळीचा फोरमन होता, पण टोळीत त्याला फोरमन कुणी म्हणत नसे. त्याच्याकडे एक सळई होती. छातीएवढी उंच, अंगठ्याएवढी जाड, धरून धरून मधोमध चकचकीत झालेली. पाइलवर घण पडत असताना सळईचं एक टोक तो पाइलच्या अंगाला टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि खाली काय आहे ते सांगायचा. मातीचे नमुने, बोअरचे कागद, ऑफिसातली आकडेमोड, सगळं झालं तरी शेवटचा शब्द मामाचा.

तो शब्द लागायचाच. या दलदलीच्या पोटात जुनी झाडं निजलेली होती. कधीकाळी इथं रान असावं. ते बुडालं, आडवं झालं, चिखलानं गिळलं. ठोकता ठोकता पाइल अशा एखाद्या बुंध्यावर अडला की वरच्याला वाटतं, खडक लागला. घण उसळतो, पाइल तसूभर हलत नाही, आणि टोळी कपाळाचा घाम पुसून चहाला बसते. पुढं चार वर्षांनी वारा सुटतो. वाऱ्यात टॉवरचे दोन पाय खाली दबतात आणि दोन उखडू बघतात. बुंध्यावर टेकलेला पाय नेमका त्या दिवशी दगा देतो. मामानं एकदा भर नदीच्या पात्रात ‘लाकूड’ म्हटलं होतं. ऑफिसातले साहेब हसले होते. मग पाइलच्या पोटातून गिरमिट खाली सोडलं, तर वर आला काळ्याभोर लाकडाचा भुसा. त्या दिवसापासून घण सुरू झाला की टोळी ताल धरून म्हणायची:

हाण रे घणा, जाऊ दे खोल,
मामाच्या कानी भुईचा बोल.

ही ओळ मामानं गेल्या तीन वर्षांत ऐकलेली नव्हती. नुसते ओठ हलताना पाहिले होते.

घणांनीच त्याचे कान खाल्ले. आधी पाखरं गेली. मग मामीचं पुटपुटणं गेलं, मग तिचं ओरडणंही गेलं. त्याचं एवढं काही वाटून घेऊ नये, असं तो स्वतःला सांगायचा. शेवटी घणच गेला. घण पडताना दिसायचा आणि आवाजाच्या जागी नुसती पोकळी यायची. तेव्हा मात्र तो घाबरला. पण एके दिवशी हात गुंतलेले होते म्हणून त्यानं सळईचं टोक दातांत धरलं, आणि खालच्या उजव्या दाढेतून भुई बोलली. ऐकू आलं असं नव्हे. झिणझिण आली, दाढेतून जबड्यात, जबड्यातून कवटीत. चिखलाची झिणझिण लोळत यायची, वाळूची चुरचुरत. लाकडाची यायची बुळबुळीत आणि जराशी उशिरा. खडकाची सरळ, सुईसारखी. महिनाभरात त्यानं ही नवी लिपी घोटून घेतली, आणि माणसांचं बोलणं ओठांवरून वाचायलाही शिकला. टोळीला सांगितलं, “दातांत धरलं की हात मोकळे राहतात.” टोळीला पटलं. पुढं बाकीचे दात एकेक करून निघून गेले, त्यांना त्यानं अडवलं नाही. ती एक दाढ होती, बस होती.

आता ती दाढ सडली होती.

“अहो, उपटून घ्या ती एकदाची,” मामी समोर उभी राहून, तोंड मोठं करून म्हणायची. सगळं माहीत असलेली ती एकटीच होती. “गाल बघा, लिंबू कोंबल्यासारखा झालाय.”

“ही लाइन संपू दे. पंचवीस टॉवर आहेत, सतरावा चालू आहे.”

“तोवर तुम्ही संपाल.”

“मग उपटायचा प्रश्नच मिटला,” मामा म्हणायचा, आणि गालावर तळवा दाबून कामाला निघायचा.

या लाइनच्या पायांची डिझाइन इंजिनिअर मामाची भाची होती. सख्ख्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती; मामा-मामीनं तिला घरी आणली. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि सळई कुणाच्या तरी हातात द्यायलाच हवी होती. सुट्टीच्या दिवशी मामा घरामागं खड्डा खणायचा, त्यात कधी धोंडा, कधी ओंडका, कधी वाळूचं पोतं टाकून माती लोटायचा आणि वर एक नळ रोवायचा. तो नळावर हातोडा मारायचा. ती सळई कानाला लावून डोळे मिटायची. चुकली की पुढचा हातोडा नळावर पडायचा नाही, सळईवर पडायचा. दिवसभर तिच्या कानात भुंगे फिरायचे. उत्तर बदललं तर मामा बोट वर करायचा: “शेवटचं उत्तर धरणार. आधीचं काय ते तुझ्याजवळ ठेव.”

एकदा सळई उसळून तिच्या तोंडावर बसली आणि समोरच्या दाताचा टवका उडाला.

“रडायचं नाही. काय होतं खाली?”

“ओंडका,” ती रक्ताच्या तोंडानं म्हणाली.

“चूक. परत.”

ओंडकाच होता. बरोबर उत्तरालाही मामा चूक म्हणायचा. पोरगी शेफारू नये, कान आणखी धारदार व्हावा म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यानं पाहिलं. ती एकटीच खड्ड्याशी बसून हातांनी माती उकरत होती. ओंडका लागला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग माती परत लोटली, पायानं दाबली, आणि हात धुऊन आत आली. त्यानंतरही प्रत्येक ‘चूक’नंतर ती स्वतःच म्हणायची, “परत.”

ती शिकली, दाताला टोपी बसवून घेतली, ऑफिसात गेली. आता तिच्या सहीशिवाय या पाणथळीत एक पाइल बसत नव्हता. कामावर ती त्याला ‘फोरमन’ म्हणायची.

सतराव्या टॉवरचे तीन पाय एकोणीस मीटरला जाऊन बसले. चौथा अकराला अडला.

कागदावर खडक एकोणीसला होता. पण तो कागदही अर्धामुर्धाच खरा. बोअर घेणारे लव्हाळ्यांत मशीन घालायला कंटाळले होते आणि चाळीस पावलं अलीकडे, कोरड्या बांधावरच भोक पाडून गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा इथं खडकाचा उंचवटा असेलही. लाकूड असेलही. सांगायचं मामानं.

चिखलावर अंथरलेल्या फळ्यांच्या वाटेनं मामा आला. अंगात ताप होता. फळ्या पायाखाली दबत होत्या की आपणच, ते त्याला नीट कळत नव्हतं. घणाच्या मशीनवर डुलक्या बसला होता. घणाबरोबर मान डोलवायची सवय, म्हणून डुलक्या. घण मिनिटाला साठ ठोके मारायचा, आणि तेवढ्याच वेळा डुलक्याची मान.

मामानं सळई टेकवली, टोक तोंडात घेतलं आणि दाढेखाली दाबलं. डोळ्यांपुढं पांढरं झालं. कळ कानशिलातून टाळूत गेली, तिथून परत फिरून आली. त्यानं जबडा सैल सोडला. टोक दाढेला नुसतं टेकवून ठेवलं, निजलेल्याच्या अंगावर हात ठेवावा तसं. ठोके आले. सरळ, सुईसारखे.

“खडक,” तो म्हणाला.

भाचीनं फाइलमधून मान वर केली. “नक्की?”

“खडक म्हटलं ना पोरी.”

“फोरमन, परत एकदा बघा.”

त्यानं परत डोळे मिटले. सळई टेकवली, टोक दाढेला लावलं. फळ्या इंजिनानं थरथरत होत्या. दाढेत ठोका आला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे सरळ. सगळे सुईसारखे.

“खडक! किती वेळा सांगू?”

डोळे उघडले तर टोळी हसत होती. डुलक्या लिव्हरवर कपाळ टेकून खांदे उडवत हसत होता. मामाही हसला. बहिऱ्या माणसाला ती सवय लागते. चार माणसं हसली की आपणही हसून घ्यायचं, कशाला ते मागून कळतं. तो चांगला तोंडभर हसला, सळई काठीसारखी टेकून. मग त्याची नजर वर गेली.

घण वर टांगलेला होता. खाली पाइलच्या डोक्यावर एक लाल चतुर बसला होता, पंख पसरून, ऊन खात. चांगला विसावून बसला होता.

मामाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. काढून कुठं ठेवावं ते त्याला सुचेना.

भाची त्याच्यासमोर आली. तान्ह्या मुलाशी बोलावं तसे ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “घण पडलाच नाही, मामा.”

कामावर तिनं त्याला मामा म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दाढ ठणकत होती. टक, टक, टक. मिनिटाला साठ. तापानं दोन-चार जास्तच असतील. आणि मामाला कळलं, मघापासून आपण भुईचं म्हणून जे वाचत होतो, ती आपलीच नाडी होती.

“कधीपासून ऐकू येत नाही?”

“कुणाला?”

“परवा मी तुमच्या पाठीमागं उभी राहून साप साप म्हणून ओरडले. तुम्ही बूट उपडा करून चिखल काढत होतात.”

“साप होता?” मामानं विचारलं.

“नव्हता.”

टोळी पुन्हा हसली. या खेपेला मामा हसला नाही.

“दाढेनं ऐकतो मी,” तो घाईघाईनं म्हणाला. “तीन वर्षं झाली. एक शब्द चुकला असेल तर सांग. ही बघ, ही.” त्यानं बोटानं गाल ओढून तोंड उघडलं. ती वाकली, बोअरच्या भोकात बघावं तसं आत बघितलं, आणि वासानं मान फिरवली.

“हिच्या भरवशावर मी टॉवर उभा करू?”

“मॅडम,” डुलक्या वरून ओरडला, “पुढच्या टॉवरला इंजिनिअर नको, दंतवैद्य बोलवा. पाया पण तपासेल, दाढ पण!”

मामाला शब्द कळले नाहीत. पण दंतवैद्य कसा दिसतो ते डुलक्यानं दोन बोटांचा चिमटा करून दाखवलं, तेवढं कळलं. याच डुलक्याला त्यानं घण धरायला शिकवलं होतं. शिकवताना याच्याही पाठीत दोन-चार बसल्या होत्या. टोळीत अशा पाठी पुष्कळ होत्या. आज सगळ्या हसत होत्या.

“एकदा दे,” तो भाचीला म्हणाला. “एकच. मघाशी मी नीट चावलोच नव्हतो. दुखतं म्हणून नुसतं टेकवलं होतं. आता पुरतं चावतो.”

तिची जीभ समोरच्या दातावरून फिरली. टोपी बसवल्यापासूनची सवय.

“ठीक आहे. बरोबर निघालं तर पंचविसाव्या टॉवरपर्यंत तुम्हीच फोरमन. चूक निघालं तर सळई माझ्याकडे, आणि या फळ्यांवर परत पाय ठेवायचा नाही.”

“ठरवणार कसं?”

“पाइलमधून गिरमिट सोडीन. जे वर येईल ते.”

“कबूल.”

“शेवटचं उत्तर धरणार,” ती म्हणाली. “आधीचं काय ते तुमच्याजवळ ठेवा.”

डुलक्यानं घण सोडला. चतुर उडाला. मामानं सळई टेकवली, टोक दाढेवर घेतलं, एक हात हनुवटीखाली दिला आणि दुसऱ्यानं टाळू दाबली, दाराला अडसर घालावा तसा. मग चावला.

पहिल्या ठोक्याला त्याला आई आठवली. दुसऱ्याला आईही आठवेना. कळ लाल झाली, लालची काळी झाली, आणि त्या काळ्याच्या पार पलीकडून, अकरा मीटर चिखलाखालून, काहीतरी आलं. बुळबुळीत. जरासं उशिरा. कुणीतरी शेकडो वर्षांच्या झोपेतून कूस बदलावी तसं. तिसऱ्या ठोक्याला दाढ उभी चिरली, चिरता चिरताही तिनं तेच सांगितलं, आणि गप्प झाली. आता तोंडात फक्त रक्त होतं.

“लाकूड,” मामा म्हणाला.

टोळीला हसायला कारण हवंच होतं. “दोन खडक, एक लाकूड,” डुलक्या बोटं मोजत म्हणाला. “थांबा मॅडम, चौथ्याला पाणी म्हणतील!”

“लाकूड आहे पोरी. आईशप्पथ, बुंधा आहे.”

“घरी जा,” भाची म्हणाली. “गिरमिट लावायला वेळ लागेल. संध्याकाळी येऊन सांगते.”

फळ्यांच्या वाटेनं तो एकटा परत गेला. मागं कुणी काही बोललं असेल, तर ते लव्हाळ्यांनी ऐकलं.

घरी मामीनं कोमट मिठाच्या पाण्याचं भांडं आणलं. दाढेचे दोन तुकडे त्याचे त्यानंच काढले. मूळ आत राहिलं होतं, ते उद्या दवाखान्यात. मामीनं तुकडे पुसून काड्यापेटीत घातले. का ते तिलाही सांगता आलं नसतं. सळई दाराच्या कोपऱ्यात उभी होती. मामा तिच्याकडे बघत बसला. आता तोंडात असं काहीच उरलं नव्हतं, की ज्याला ती टेकवावी. पण ते कुणाला कळणार होतं? नुसतं उभं राहून, जुन्या अंदाजानं, चेहरे वाचत, आणखी आठ टॉवर निघाले असते. उत्तर बरोबर होतं. चाळीस वर्षांत इतकं बरोबर एकदाही नव्हतं.

ऊन उतरताना भाची आली. चिखलानं भरलेले बूट दाराबाहेर काढले, आत येऊन टेबलाशी बसली. मामीनं चहा ठेवला.

“काय निघालं?” मामानं विचारलं. गालात कापूस होता, शब्द जड निघाला.

तिनं चेहरा पूर्ण त्याच्याकडे वळवला, उजेडात, ओठ नीट दिसतील असा.

“खडक.”

“अकराला?”

“अकराला. गिरमिटाचं पातं बोथटलं.”

“अगं मग सकाळी हे खडकच म्हणत होते ना!” मामी मध्ये पडली. “दोनदा म्हणाले, तूच तर मघाशी फोनवर म्हणालीस!”

“शेवटचं उत्तर धरतात, मामी. मामांचाच नियम आहे.”

मामा तिच्या ओठांवरून खाली बघू लागला, कारण वर बघवेना. टेबलाखाली तिच्या पँटची घडी घोट्यापाशी दुमडलेली होती, चिखलानं ताठ झालेली. त्या घडीत काहीतरी अडकलं होतं. खडक कापला की राखाडी पीठ येतं, अंगाला भस्मासारखं चिकटतं. हे पीठ नव्हतं. हा किसलेला, गोल वळलेला पापुद्रा होता. बाहेरून काळा, आतून विटकरी. एक नव्हे, तीन-चार. आणि वास. बुडालेल्या रानाचा तो वास चहाच्या वाफेतूनही त्याला आला. नाक अजून शाबूत होतं.

फाइलमध्ये तिनं लाकूडच लिहिलं असणार, यात त्याला शंका नव्हती. बुंध्यावर टॉवर उभा करणारी ती नव्हे. तसं त्यानं तिला वाढवलंच नव्हतं. उद्या पाइल उपसतील, चार पावलं सरकवून एकोणीसला नेतील, चौथा पाय खडकावर टेकेल. सगळ्या टोळीनं भुसा वर येताना पाहिला असेल. ऑफिसला कळलं असेल. न कळावं असं एकच माणूस होतं.

त्यानं मान वर केली. ती त्याच्याकडे बघत होती. त्याची नजर कुठं जाऊन आली ते तिनं पाहिलं होतं. तिनं पाय मागं घेतला नाही. घडी झाकली नाही. जीभ टोपीवरून फिरवत नुसती वाट बघत होती. तेव्हा त्याला खिडकी आठवली, आणि खड्ड्याशी बसलेली पाठ आठवली, आणि प्रथमच असं वाटलं, की त्या दिवशी तिलाही ठाऊक होतं खिडकीत कोण उभं आहे ते.

“परत?” मामा म्हणाला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. ते आठ वर्षांच्या पोरीसारखं निघालं.

भाचीनं मान हलवली. नाही. आणि हात पुढं केला.

तो उठला, कोपऱ्यातली सळई आणली. देताना मधला चकचकीत भाग त्याच्या मुठीतून सुटेना. तिनं ओढून घेतली. रागानं नव्हे, जमिनीतून खुंटी काढावी तशी, जरा हलवून. मामीला नमस्कार केला. चहा तसाच राहिला होता.

दारात बूट घालण्यासाठी ती वाकली आणि दोन्ही पायांच्या घड्या उलगडून हातानं झटकल्या, सावकाश, काही राहणार नाही अशा. मग सळई खांद्यावर टाकून निघून गेली. मामा खिडकीशी गेला. तिची पाठ वळणापर्यंत दिसली.

मामी झाडू घेऊन दाराशी गेली, वाकली, आणि ओंजळ घेऊन परत आली. त्याच्यासमोर येऊन तिनं ओंजळ उजेडात धरली. काळे, विटकरी, गोल वळलेले पापुद्रे.

“अहो, हे काय आहे?” तिचे ओठ म्हणाले.

मामानं त्यातला एक उचलला, बोटात चुरला, नाकाशी नेला. कापसाखाली जीभ दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसली.

“खडक,” तो म्हणाला.